कटाडिनची उंची आणि परतीची वेळ

अमेरिकेच्या मेन राज्यातील बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये उभा असलेला कटाडिन पर्वत सुमारे १,६०६ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईपेक्षा जेमतेम चाळीस मीटरांनी ठेंगणा असल्यामुळे, सह्याद्रीत पाय मुरलेल्या माणसाला तो सहज आवाक्यातला वाटतो, आणि त्याची फसगत होते ती याच आकड्याने. कळसूबाई विषुववृत्तापासून वीस अंशांच्या आत आहे, तर कटाडिन जवळजवळ सेहेचाळीस अंश उत्तरेस. त्यामुळे तेथे वृक्षरेषा, म्हणजे जिच्या वर थंडीवाऱ्यामुळे झाड वाढत नाही ती सीमा, शिखराच्या बरीच खाली येते, आणि पुढचा सारा चढ आडोसा नसलेल्या उघड्या खडकांवरून करावा लागतो.

१९२१ ते १९२५ या काळात मेनचे गव्हर्नर असलेले पर्सिव्हल बॅक्स्टर यांनी हा पर्वत स्वतःच्या पैशाने विकत घेऊन १९३१ मध्ये राज्याला दिला, तो कायम रानटी अवस्थेतच राखावा या अटीवर. उद्यानात वीज, नळाचे पाणी किंवा डांबरी रस्ते नाहीत ते या अटीमुळेच. ही गैरसोय नव्हे, तर जपलेली संपत्ती आहे. ओढ्याचे पाणी मात्र शुद्ध करूनच प्यावे, आणि पायथ्याशी वाहनासाठी जागा आधी राखून ठेवावी.

हंट वाटेने शिखर एका बाजूने सुमारे साडेआठ किलोमीटर असून चढ साडेबाराशे मीटरांहून अधिक आहे, तेव्हा पहाटे निघालेल्यालाही बहुतेक दिवस लागतो. म्हणून परतीची वेळ निघतानाच ठरवावी आणि शिखर समोर दिसत असले तरी ती मोडू नये. थकलेल्या पायांनी काळोखात मोठमोठ्या दगडांवरून उतरणे हे चढण्यापेक्षा घातक असते. उन्हाळ्यातही लोकरीचा थर, वाराप्रतिबंधक जाकीट आणि डोक्याला बांधायचा दिवा जवळ असावा, कारण भिजलेल्या अंगाला वारा लागला की हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीखाली जाणे, कडाक्याच्या थंडीशिवायही होऊ शकतो.

ढगांचे भय तर जुनेच आहे. १८४६ मध्ये लेखक हेन्री डेव्हिड थोरो ढगांमुळे माथा न गाठता परतला. १९३९ च्या जुलैत डॉन फेंडलर हा बारा वर्षांचा मुलगा माथ्याजवळच्या ढगात सोबत्यांपासून तुटला आणि नऊ दिवसांनी जिवंत सापडला. गटाने सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने जावे, हा नियम तेथे शिष्टाचार म्हणून नव्हे, तर जीव राखण्यासाठी पाळावा.

पामोला आणि बॅक्स्टर या दोन शिखरांमधली ‘नाइफ एज’ नावाची धार काही ठिकाणी जेमतेम मीटरभर रुंद असून तिच्या मध्यातून खाली उतरायला वाट नाही. म्हणून ढग, जोराचा वारा किंवा गडगडाट यांपैकी काहीही जाणवले तर तिच्यावर पाऊलच ठेवू नये.