वाघ चालतो, सरासरी चुकते

आपल्या बरकतपुऱ्यातून साधारण तीनशे किलोमीटरवर आदिलाबाद. त्याच्या पलीकडे, सीमेला लागून, यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य. तिथल्या एका तरुण वाघाला भारतीय वन्यजीव संस्थेने फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला, आदिलाबाद-नांदेडकडची शेतं तुडवत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मार्च २०२० पर्यंत त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या वर गेली. लोकांनी नाव ठेवलं ‘वॉकर’.

एका वाघाची वाट नकाशावर काढता येते. पण वॉकर पोहोचला म्हणजे वाघ पसरले असं नाही. ज्ञानगंगेत वाघीणच नव्हती! सगळी संख्या कुठे, किती वेगाने पसरेल, हा वेगळा प्रश्न. स्केलम यांनी १९५१ मध्ये मध्य युरोपातल्या मस्करॅट या उंदरासारख्या प्राण्यावर दाखवलं की व्यापलेल्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ दर वर्षी सारखंच वाढतं. सुंदर नियम, पण त्यात जमीन सगळीकडे एकसारखी धरलेली.

आपल्याकडे तर दर फर्लांगावर जमीन बदलते. जंगलात प्राणी रेंगाळतो, उघड्या रानात झपाझप निघून जातो. हे सगळं बारीक चौकटींत मांडलं तर संगणक दमतो, कारण आकडे जुळवायला तेच गणित हजारो वेळा करावं लागतं. मग मोठ्या चौकटी घ्या, आतल्या चलनदराची सरासरी काढा. पण कोणती सरासरी?

समजा चौकटीत अर्धं जंगल, चलनदर १. अर्धी शेतं, चलनदर ९. साधी सरासरी ५. ती चुकीची! बसचंच बघा ना: अर्धं अंतर ताशी १० ने, अर्धं ३० ने गेलात, तर सरासरी वेग २० नाही, १५ येतो, कारण ट्रॅफिकमध्येच जास्त वेळ जातो. प्राण्याचंही तेच. इथे हार्मोनिक मीन लागतो: २ भागिले (१ + १/९), म्हणजे १.८. पाचाच्या जवळपासही नाही. साधी सरासरी घेणारा माणूस वाघांना नको इतक्या लवकर दूर पोहोचवतो, आणि त्यावर कुणी मधल्या जंगलपट्ट्यांचं नियोजन केलं तर पंचाईतच.

एक किलोमीटरऐवजी दहा किलोमीटरची चौकट घेतली की चौकटी १०० पट कमी होतात. साध्या पद्धतीत वेळेचे टप्पेही १०० पट मोठे चालतात. म्हणजे काम दहा हजार पट हलकं! अट एवढीच, की जमिनीतले बदल चौकटीपेक्षा बरेच बारीक हवेत. चौकटीएवढं मोठं धरण किंवा शहर असेल, तर ते वेगळंच दाखवावं लागतं.

बरं, बारीक चित्र हरवतं का? नाही. मोठ्या चौकटीचं उत्तर आलं की ते जागोजागच्या चलनदराच्या उलट प्रमाणात वाटायचं: आपल्या उदाहरणात जंगलात नऊ वाटे, शेतात एक. वनरक्षकाने कॅमेरा कुठे बांधायचा, ते या वाटणीवरून ठरवता येतं.