नवा राऊटर? थांब जरा!

अगं, आधी जावईबापूंना थांबव. पुण्याला जाऊन सहा अँटेनांचा महागडा राऊटर आणायचं त्यांनी ठरवलंय म्हणतेस, पण खरं सांगू का, तुझा राऊटर बरा आहे. हे तुझ्याच बोलण्यातून कळलं मला.

तूच सांगितलंस, प्लॅन २०० एमबीपीएसचा. जोडणीला आलेला मुलगा स्वतःच्या फोनवर १९० दाखवून गेला. तुझ्या लॅपटॉपवर मात्र काटा चाळिसाच्या पुढे सरकत नाही, आणि सासूबाईंची मालिका ऐन रंगात आली की गोल गोल फिरत बसते. आता बघ, त्या मुलाच्या फोनवर १९० आले ते याच राऊटरमधून आले ना? म्हणजे राऊटर सुटला. शिरवळला नेटच धड नाही ही तुझी तक्रारही सुटली. उरले कोण? तुझा लॅपटॉप आणि सासूबाईंचा टीव्ही. आणि धाकट्या दिरावर संशय घेणं तर सोडच गं. त्याने कॉलेजच्या व्हिडिओंसाठी सगळा वेग आपल्याकडे वळवून घेतलेला नाही. त्याचा फोन नवा आहे, एवढाच त्याचा गुन्हा.

वायफायचा वेग एकट्या राऊटरच्या हातात नसतो. फोन राऊटरला जोडला गेला की दोघं आधी एकमेकांना सांगतात, मला काय काय जमतं. दोघांनाही जमेल तेवढ्याच वेगाने पुढचं काम चालतं. २००९ साली आलेलं तंत्र आज वायफाय ४ म्हणून ओळखतात, २०१३ चं ते वायफाय ५, आणि वायफाय ६ ची उपकरणं २०१९ पासून प्रमाणित व्हायला लागली. नवा राऊटर जुन्या फोनला सांभाळून घेतो, पण जुन्याचं नवं करणं त्याला जमत नाही. तू हजारो रुपये घाल, जुना लॅपटॉप जुन्याच वेगाने बोलणार.

आकडेच बघ. एकच अँटेना असलेला आणि फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर चालणारा वायफाय ४ चा फोन नेहमीच्या रुंदीच्या चॅनेलवर ७२ एमबीपीएसवर जोडला जातो. ५ गिगाहर्ट्‌झचा, एकाच अँटेनाचा वायफाय ५ चा फोन ४३३ वर. दोन अँटेना असल्या तर ८६७. तेच वायफाय ६ असेल तर १२००. हे आकडे कागदावरचे, हातात साधारण निम्मे-साठ टक्के पडतात, कारण एकाच हवेतून आळीपाळीने बोलायचं आणि ऐकायचंही असतं. बहात्तरचे निम्मे-साठ टक्के म्हणजे किती? तुझे ते चाळीस!

खोक्यावरच्या ‘१२००’लाही भुलू नकोस. ते २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची बेरीज करून, वर थोडं पुढे ढकललेलं असतं. साधा फोन एका वेळी दोन्हींपैकी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ती बेरीज कुणाच्याच पदरात पडत नाही. दुकानदार हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय.

आता सासूबाईंचा टीव्ही. स्वस्तातले बरेच स्मार्ट टीव्ही, दारावरचे कॅमेरे, वायफायचे बल्ब फक्त २.४ वर चालतात. आणि एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. हळू बोलणारा तेवढ्याच मजकुराला जास्त वेळ घेतो, बाकीचे ताटकळतात. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला लादलेला ट्रक पुढे आला की मागच्या नव्याकोऱ्या गाडीचं जे होतं ना, तेच. त्यात तुमची सोसायटी, प्रत्येक घरात राऊटर, आणि २.४ वर एकमेकांच्या आड न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. संध्याकाळी मालिकेच्या वेळीच अडखळतं ते उगाच नाही.

टीव्हीला तार लाव. खरंच, एवढंच कर. मागे नेटच्या तारेचं भोक असतं, बहुतेक टीव्हींना ते १०० एमबीपीएसचं असतं आणि ते भरपूर झालं. फोर-के सिनेमाला १५ एमबीपीएस पुरतात, साध्या एचडीला ५. टीव्ही तारेवर गेला की हवेतली एक मोठी गर्दी कमी झाली.

मग राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ आणि ५ ची नावं वेगळी कर. घाबरू नकोस, घरखर्चाचा हिशेब ठेवणारीला हे अवघड नाही. तुझा आणि दिराचा फोन ५ वर घाल, कॅमेरा-बल्ब २.४ वर राहू देत. तिथेच सुरक्षेच्या जागी ‘टीकेआयपी’ निवडलेलं दिसलं तर बदलून डब्ल्यूपीए२, एईएस कर. त्या जुन्या पर्यायावर नवी यंत्रंसुद्धा ५४ च्या वर जात नाहीत. ५ गिगाहर्ट्‌झ भिंतीपलीकडे लवकर दमतं, म्हणून राऊटर घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेव. मी आमचा दिसायला वाईट म्हणून स्टीलच्या मांडणीत पिठाच्या डब्यामागे लपवला होता आणि आठवडाभर नेटवाल्यांना फोन करत बसले होते. हसू नकोस! कुणाचं गावठाणात दगडी भिंतींचं घर असेल तर पलीकडच्या खोलीत २.४ च बरं.

लॅपटॉपचं म्हणशील, तर आधी त्याचं वायफाय कार्ड ५ गिगाहर्ट्‌झ ओळखतं का ते बघ. ५ चं नाव त्याच्या यादीतच दिसलं नाही, तर समज, ओळखत नाही. मग दोन्ही पट्ट्यांवर चालणारा छोटा यूएसबी अडॅप्टर मिळतो, तो घे. नव्या राऊटरपेक्षा कितीतरी स्वस्त. आणि मीटिंगची काळजी करत असशील तर व्हिडिओ कॉलला चारेक एमबीपीएस पुष्कळ होतात. तुझे चाळीस कमी नव्हतेच गं, रांगेत अडकत होते.

राऊटर कधी बदलायचा? तो स्वतःच फक्त २.४ वाला असेल, किंवा त्याची भोकं १०० ची आणि प्लॅन २०० चा असेल, तेव्हा. तुझं तसं नाही. रविवारी दुपारी टीव्हीला तार लाव, नावं वेगळी कर आणि लॅपटॉपवर काय आकडा येतो ते मला कळव. जावईबापूंना म्हणावं, पुण्याला जायचंच असेल तर अडॅप्टर आणा.