ग्रीन कार्डावरची तारीख आधी पाहा

आई-बाबांना अमेरिकेत कायमचं आणायचं ठरलं की घरात पहिली यादी होते ती औषधांची. नव्यानं आलेलं कुटुंब भेटलं की आम्ही इथली जुनी मंडळी मात्र आधी ग्रीन कार्ड बघायला मागतो. कार्डावर ‘रेसिडेंट सिन्स’ या शब्दांसोबत एक तारीख छापलेली असते. ती घरच्या कॅलेंडरवर लिहा, तिच्यापुढे पाच वर्षं मोजा आणि ती दुसरी तारीखही लिहा. आईच्या इन्सुलिनचा खर्च कुणी उचलायचा, ते बहुतेक वेळा या दोन तारखांवर ठरतं.

मेडिकेअर ही ६५ वर्षांवरच्या लोकांची सरकारी विमा योजना. नागरिकत्व नसेल, तर ग्रीन कार्ड आणि अमेरिकेतलं सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. ‘सलग’ या शब्दाकडे नीट लक्ष द्या. दिवाळीला गावी गेलेली आई भाचीचं लग्न, मग आंब्याचे दिवस असं करत परतते, आणि अशा लांब मुक्कामांमुळे सलगतेवर प्रश्न येऊ शकतो. म्हणून प्रत्येक जाण्या-येण्याची नोंद ठेवा.

आधीची पाच वर्षं सगळ्यात जड जातात. तुमच्या ऑफिसच्या विम्यात आई-बाबा सहसा बसत नाहीत. पाहुण्यांसाठीचा प्रवासी विमा जुन्या मधुमेहाचे नेहमीचे उपचार देत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. सरकारी मार्केटप्लेसवरचा विमा ग्रीन कार्डवाल्यांना घेता येतो. मधुमेह आहे म्हणून कंपनीला नकार देता येत नाही आणि हप्ताही वाढवता येत नाही. अमेरिकेत राहायला आल्यापासून ६० दिवसांत अर्ज करा. हप्त्यातल्या सवलतीचे नियम अलीकडे बरेच बदलले आहेत, तेव्हा शेजाऱ्याला मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरू नका.

पाच वर्षं भरली की दुसरा गैरसमज पुढे येतो. ‘मी इथे वीस वर्षं कर भरतोय, मग आईला मेडिकेअर फुकट मिळेल ना?’ नाही मिळत. हॉस्पिटलचा भाग, म्हणजे पार्ट ए, बिनहप्त्याचा मिळायला स्वतःची किंवा जोडीदाराची साधारण दहा वर्षांची नोकरी इथे झालेली लागते. मुलांची नोकरी त्यात मोजत नाहीत. ती नसेल तर २०२६ मध्ये पार्ट एचा पूर्ण हप्ता महिना ५६५ डॉलर आहे, आणि डॉक्टरांच्या पार्ट बीचा २०२.९० डॉलर. दोघांचे मिळून आकडे घाबरवतात. काही घरं फक्त पार्ट बी आणि औषधांचा पार्ट डी घेतात. तसं करता येतं, पण हॉस्पिटलात राहायची वेळ आली तर ते बिल आपल्या अंगावर येतं, हे समजून घ्या.

नोंदणी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात होते. पात्र होण्याच्या महिन्याच्या तीन महिने आधी मुदत सुरू होते आणि तीन महिने नंतर संपते. ओळखीच्या एका घरात ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. पार्ट बीच्या हप्त्यावर २० टक्के दंड बसला, आणि हा दंड दर महिन्याला, जवळजवळ जन्मभर भरावा लागतो.

आता मधुमेहाकडे येते. पट्ट्या, लॅन्सेट, ग्लुकोमीटर हे औषधांच्या नव्हे, पार्ट बीच्या खात्यात येतात. इन्सुलिन घेणाऱ्याला तीन महिन्यांना ३०० पट्ट्या, न घेणाऱ्याला १००. माझ्या सासूबाई इन्सुलिन घेत होत्या, तरी त्यांना शंभरच येत. रोज सकाळी डबी हातावर ओतून मोजायच्या. रक्ताचा थेंब अपुरा पडून एखादी पट्टी वाया गेली की दुसऱ्या दिवशी तपासायच्याच नाहीत. मला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत इन्सुलिनचा उल्लेखच नव्हता. ‘इन्सुलिन चालू, दिवसातून तीनदा तपासणी’ एवढं लिहून आलं आणि पट्ट्या वाढल्या. तुमच्या घरची चिठ्ठी वाचून बघा.

पेननं किंवा सिरिंजनं घ्यायचं इन्सुलिन आणि सुया पार्ट डीमध्ये येतात. योजनेच्या यादीतल्या प्रत्येक इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत. २०२३ पासून हा नियम आहे. दंडावर लावायचा ग्लुकोज सेन्सरही इन्सुलिन घेणाऱ्यांना मिळू शकतो. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मिळते, चष्मा मात्र सहसा नाही. पायांना मुंग्या, बधिरपणा असेल तर पायांची तपासणी करून घ्या. पायांचा त्रास गंभीर असेल तर वर्षाला खास बुटांचा एक जोडही मिळू शकतो. आपली माणसं घरात अनवाणी वावरतात आणि टाचेची जखम दिसेपर्यंत आठवडा जातो, म्हणून हे मुद्दाम सांगते. आहारतज्ज्ञांचा सल्ला पहिल्या वर्षी तीन तास, तोही विनामूल्य. भाकरी, पोहे, वरणभात नेमका किती खाल्ला जातो ते लिहून न्या.

आई-बाबा सहा महिने मुलाकडे, सहा महिने दुसऱ्या राज्यातल्या मुलीकडे राहणार असतील, तर मूळ मेडिकेअर, म्हणजे सरकारचे पार्ट ए आणि बी, घेणं बरं, असं आमचं ठाम मत आहे. ते देशभर चालतं. त्याऐवजी खासगी कंपनीकडून घ्यायच्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनेत बहुधा दात, चष्मा मिळतो, पण डॉक्टर बहुधा एकाच भागातले असतात. भारतात गेल्यावर मात्र दोन्हीचा सहसा उपयोग नसतो. तिथला विमा वेगळा ठेवा.

प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची सरकारी सल्लासेवा आहे. तिथले सल्लागार काही विकत नाहीत आणि पैसेही घेत नाहीत. पाच वर्षं भरायच्या सहा महिने आधी त्यांना फोन करा, आणि त्या वेळी आईला शेजारी बसवून घ्या.