सॅक्सोफोन ऐकावा कसा? : जॅझमधील लय आणि शैली

सणसर परिसरात लग्नाच्या वरातीत वा जयंतीच्या मिरवणुकीत बँड वाजू लागला, की सॅक्सोफोनचा भरदार स्वर कानी पडतो. ‘आराधना’ (१९६९) चित्रपटातील ‘रूप तेरा मस्ताना’ या गीतात मनोहारी सिंग यांनी वाजविलेला सॅक्सोफोनही आपल्या परिचयाचा आहे. तथापि या वाद्याला स्वतःची वाणी लाभली ती जॅझ संगीतात.

बेल्जियमचे अडॉल्फ साक्स यांनी १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचे पेटंट घेतले. वाद्य पितळेचे असले तरी त्याचा स्वर पातळ पट्टीच्या कंपनातून निघतो. आपल्या सनईचा नादही पत्तीतूनच उमटतो. आरंभी ते लष्करी बँडमध्ये वाजत असे. पुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी, ज्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून विकले गेले होते, ते हाती घेतले आणि माणूस म्हणून असलेले आपले सुखदुःख त्यातून बोलते केले.

प्रथम लय पाहू. जॅझमध्ये बहुधा चार मात्रांचे आवर्तन असते आणि जोर दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येतो. मात्रेचे दोन भाग समान नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड असतो. या झुलत्या चालीस ‘स्विंग’ म्हणतात. ऐकताना दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यावी, म्हणजे ती चाल अंगी भिनते.

आता शैली. कोलमन हॉकिन्स (१९०४–१९६९) यांचा स्वर जाड व घुमारदार. ‘बॉडी अँड सोल’च्या १९३९ च्या ध्वनिमुद्रणात मूळ चाल क्षणभर दाखवून ते उपज करीत दूर जातात. लेस्टर यंग (१९०९–१९५९) यांचा स्वर हलका. मात्रेच्या किंचित मागे रेंगाळत ते संथपणे बोलतात. चार्ली पार्कर (१९२०–१९५५) यांची गती विजेसारखी, तरी प्रत्येक स्वर स्वच्छ. जॉन कोल्ट्रेन (१९२६–१९६७) यांचे वादन दीर्घ शोधासारखे. भारतीय संगीताच्या ओढीने त्यांनी पुत्राचे नाव पंडित रविशंकरांवरून ‘रवी’ ठेवले.

ही परंपरा आपल्यापासून दूर नाही. १९७८ साली मुंबईतील ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात सनी रोलिन्स यांनी वादन केले. गोव्यातील नेवरा गावचे ब्राझ गोन्साल्विस यांनी तर रागांचे स्वर जॅझमध्ये गुंफले. १९७० ची ‘रागा रॉक’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध आहे.

विद्यार्थ्यांनी एकच चाल दोन वादकांकडून ऐकावी आणि तीन प्रश्न विचारावेत : स्वर जाड की हलका? वादक मात्रेच्या पुढे की मागे? तो श्वास कोठे घेतो? नियम सर्वांना एकच असतात, परंतु साधनेने प्रत्येकास स्वतःचा आवाज गवसतो, हे त्यातून उमगते. हेच प्रश्न गावच्या मिरवणुकीतील सॅक्सोफोनवादकाविषयीही विचारावेत. त्याच्या सुरावर आपण नाचतो, परंतु त्याचे नाव क्वचितच विचारतो. कान देऊन ऐकणे हा त्या कलावंताचा पहिला सन्मान होय.