शब्दार्थ आणि संदर्भ : जबलपूरच्या मराठी विद्यार्थ्याचे इंग्रजी वाचन

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याची एक रूढ वाट मराठी विद्यार्थ्याला द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेने घालून दिली. सुटी वाक्ये घ्यावीत आणि ती एका भाषेतून दुसरीत न्यावीत, ही ती पद्धती. अर्थ सांगणारी भाषा विद्यार्थ्याच्या घरचीच असते, हे तिच्यातील गृहीत होय. जबलपूरला ते टिकत नाही.

१८१७ पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होते. १८६१ नंतर ते नागपूरसह मध्यप्रांतात राहिले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मात्र नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर मध्यप्रदेशात राहिले. घरी मराठी बोलणाऱ्या, पण हिंदी माध्यमात शिकणाऱ्या येथील विद्यार्थ्याला इंग्रजी शब्दाचा अर्थ हिंदीतून मिळतो.

अडचण उद्भवते ती समान रूपाच्या शब्दांमुळे. 'एज्युकेशन'पुढे 'शिक्षा', 'एफर्ट'पुढे 'चेष्टा', 'ऑब्जेक्शन'पुढे 'आपत्ति', 'वर्ल्ड'पुढे 'संसार' असे हिंदी अर्थ दिलेले असतात. मराठी कानाला त्यांतून अनुक्रमे दंड, थट्टा, संकट आणि प्रपंच ऐकू येतात. येथे शब्दसूची अर्थ देत नाही, तर दिशाभूल करते. मुलीला शाळेत घालण्यासाठी झटणाऱ्या आईविषयीचा दहा ओळींचा उतारा वाचला, तर 'एज्युकेशन' म्हणजे दंड नव्हे आणि 'एफर्ट' म्हणजे थट्टा नव्हे, हे प्रसंगच सांगतो.

'कझिन' या शब्दाची गोष्ट निराळी आहे. चुलत, मामे, मावस, आते हे भेद मराठीप्रमाणे हिंदीतही आहेत. इंग्रजी ते एकाच शब्दात मिटवते. लग्नघराचे वर्णन वाचताना विद्यार्थी नेमके नाते शोधू लागतो आणि उतारा ते सांगत नाही. हे मौन म्हणजे लेखकाची उणीव नव्हे. नात्यांकडे पाहण्याची ती त्या समाजाची रीत आहे. कोशातील प्रतिशब्दाने एवढा बोध होत नाही.

म्हणून समाज व नित्यजीवन यांवरील लघुपाठांचा क्रम असा असावा : प्रथम अर्थसूचीविना संपूर्ण वाचन, मग संदर्भावरून अर्थाचा तर्क आणि शेवटी हिंदी व मराठी प्रतिशब्दांची शेजारी शेजारी मांडणी. असे केल्यास दोन भाषांतील विसंगती हा अडथळा न राहता अभ्यासाचाच विषय होतो. द्विभाषिक विद्यार्थ्याच्या घरच्या भाषेलाही त्यामुळे इंग्रजीच्या वर्गात हक्काचे स्थान मिळते.