पाटी कोरण्याआधी

चि. सोनू,


गावच्या घराच्या दर्शनी भिंतीवर खापरपणजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची, हा तुझा बेत मला आवडला. मजकूरही वाचला : ‘सुभेदार, मराठा लाइट इन्फंट्री. पहिल्या महायुद्धात शौर्याबद्दल विजय पदक.’ दोन ओळींत चार विधानं आहेत, आणि आज तरी त्यांपैकी एकाचाही पुरावा तुझ्या हातात नाही. माझी हयात पलटणीच्या कागदांत गेली, म्हणून पाटीवाल्याकडे जाण्याआधी हे पत्र वाच.

सुरुवात घरातून कर. देव्हाऱ्यात ठेवलेलं पदक बाहेर काढ, पण चिंचेनं किंवा पावडरीनं घासू नकोस. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरं ठोकलेली असतात : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. घासून घासून ती पुसट होतात. भिंग घे, उजेड तिरपा पाड आणि कडेचे सगळीकडून फोटो काढ. त्या एका ओळीत तुझं निम्मं काम आहे.

आता पदकाविषयी. व्हिक्टरी मेडल, म्हणजे तुझं ‘विजय पदक’, शौर्याबद्दल मिळत नसे. युद्धाच्या आघाडीवर ज्यांनी नोकरी केली त्यांना ते सरसकट मिळालं. त्याच्या जोडीला ब्रिटिश वॉर मेडल असे. लढणाऱ्या शिपायाचं ते चांदीचं असायचं, आणि मजूर पलटणीतल्या किंवा स्वयंपाकी, सफाईवाले अशा ‘फॉलोअर’ लोकांचं ब्राँझचं. चांदीची कित्येक पदकं अडीअडचणीच्या वर्षी सोनाराकडे गेली, म्हणून जोडीतलं एकच उरलेलं अनेक घरांत दिसतं. शौर्याची पदकं वेगळी : इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, १९०७ पासूनचं इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, आणि १९११ पासून हिंदी शिपायांनाही खुला झालेला व्हिक्टोरिया क्रॉस. ती मिळालेल्यांची नावं गॅझेटात छापली जात. गॅझेटात नाव सापडेपर्यंत ‘शौर्याबद्दल’ हा शब्द पाटीवर नको.

हुद्द्याचंही तसंच. सुभेदार आणि जमादार यांची नावं पलटणवार ‘इंडियन आर्मी लिस्ट’मध्ये छापलेली असत. नाईक, हवालदार किंवा शिपाई तिथे सापडणार नाही. गावाकडे मात्र पेन्शनीत आलेला माणूस बघता बघता ‘सुभेदार’ होतो. लोक मानानं तसं म्हणतात, आणि दोन पिढ्यांनी तो हुद्दा ठरतो.

पलटणीचं नाव नीट समजून घे, कारण इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. १९१४ मध्ये मराठ्यांच्या सहा स्वतंत्र पलटणी होत्या : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ च्या फेररचनेत त्या एका रेजिमेंटखाली आल्या. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची प्रशिक्षण देणारी दहावी. पदकाच्या कडेवर जो आकडा असेल त्यावर पुढचा सगळा इतिहास ठरतो. १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात कुट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडच्या सैन्यासह तुर्कांच्या कैदेत गेल्या. दुसऱ्या महायुद्धातही प्रत्येक बटालियनचा इतिहास असाच वेगळा. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये टोब्रुकला सापडली, चौथी १९४४ मध्ये मणिपुरात सांगशकला जपान्यांशी लढली, आणि त्याच वर्षी तिसरी इटलीत होती. यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिसऱ्या बटालियनमध्ये. नुसतं ‘मराठा पलटण’ म्हटलं तर यातलं काहीच कळत नाही. आणि शिपायाचा नंबरही एकट्यानं कामाचा नाही. त्या काळी प्रत्येक पलटण आपापले नंबर देई, त्यामुळे तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच कुणाचा असू शकतो.

तू मला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीतली एक नोंद पाठवलीस. नाव तेच, पलटण मराठ्यांचीच, मृत्यू १९१६. पण सोनू, ती यादी युद्धात मेलेल्यांची आहे. तुझे खापरपणजोबा परत आले, म्हणून तर तू आहेस. ‘लढाईवर जायच्या आधीच मूल झालं असेल’ असं तू म्हणशील. मग ते तपास. तहसीलमधून जुने फेरफार काढ आणि वारसनोंद कोणत्या साली झाली ते बघ. कोतवाल बुकात पोरांच्या जन्माच्या नोंदी असतील, एखाद्याची मृत्यूचीही असेल. तीस साली जमिनीच्या कागदावर अंगठा देणारा माणूस सोळा साली मेसोपोटेमियात, बसऱ्याला मेलेला नसतो. नाव जुळलं म्हणून दुसऱ्याचा मृत आपल्या घरात आणू नकोस. त्याचंही कुठेतरी घर आहे.

नावाचं स्पेलिंग लिहिणारा साहेब असे, त्यामुळे जाधवाचं तीन-चार तऱ्हांनी आणि कदमाचं ओळखू न येण्याइतकं वेगळं स्पेलिंग सापडतं. यादीत शोधताना सगळी रूपं टाकून बघ. जिल्हाही त्या काळचाच टाक. तुमचं महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं, रायगड हे नाव १९८१ चं. सिंधुदुर्गही त्याच वर्षी रत्नागिरीतून निघाला.

सरकारी दप्तरातून काय मिळेल ते आधीच सांगतो, म्हणजे हिरमोड होणार नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरं आहेत, पण व्यक्तिगत फाइली मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांच्या. शिपायांचे कागद इथेच, पलटणींकडे राहिले. मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. पेन्शन न मिळालेल्या शिपायाची कागदपत्रं ठरलेल्या मुदतीनंतर, साधारण पंचवीस वर्षांनी, नष्ट करायचा नियम आहे. उरतो तो ‘लाँग रोल’, म्हणजे भरतीची मोठी नोंदवही. म्हणून अर्ज करताना ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नकोस. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, पलटण आणि अंदाजे साल दे, लाँग रोलमधली नोंद माग आणि नात्याचा पुरावा जोड. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बसलेली माणसं बहुधा फौजेतलीच असतात. अर्जाचा मसुदा त्यांना दाखव. ‘लंडनहून रेकॉर्ड काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दमडी देऊ नकोस.

पलटणीची युद्ध-रोजनिशी मिळाली तर जरूर वाच. तिच्यात साहेबांची नावं येतात, शिपाई मात्र बहुतेकदा नुसत्या आकड्यांत येतात. बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही तसंच झालं. गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांची फक्त संख्या. ही वागणूक असमान होती, हे वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात मान्य केलं. म्हणजे कागद नाही म्हणून माणूस गेला नव्हता असं होत नाही. पण कागद नाही म्हणून आपण हवं ते लिहावं, असंही होत नाही.

माझा नियम साधा आहे. नाव, नंबर आणि पलटण या तिन्ही गोष्टी, एकमेकांवरून न उतरवलेल्या दोन ठिकाणी जुळल्या तर खरं मान. एकाच ठिकाणी मिळाल्या तर ‘घरातील माहितीनुसार’ म्हण. आजीनं सांगितलेलं फेकून देऊ नकोस. वहीत वेगळ्या पानावर, कुणी आणि कधी सांगितलं त्यासह उतरवून ठेव. उद्या एखादी नोंद सापडली तर तेच पान उपयोगी पडेल.

आणि समजा, कडेवर ‘शिपाई’ निघालं, किंवा जोडीतलं ब्रिटिश वॉर मेडल ब्राँझचं निघून ते मजूर पलटणीत होते असं ठरलं, तर? दाजींना, तुझ्या बाबांना, वाईट वाटेल, हे मला ठाऊक आहे. पण महाडच्या खेड्यातून निघून बसऱ्याच्या उन्हात राबून जिवंत परत येणं ही गोष्ट सुभेदारीच्या टेकूवाचून उभी राहते. ‘मजूर पलटण’ लिहिताना हात अडखळला, तर पाटी कुणाच्या मानासाठी लावतोयस, हे आधी स्वतःला विचार.

अजून एक. तुमच्या गावातून ते एकटेच गेले असतील असं मला वाटत नाही. युद्धानंतर सरकारनं बऱ्याच गावांत पाट्या बसवल्या. त्यांवर किती गेले आणि किती मेले याचे आकडे होते, नावं नव्हती. तू नावं लावू शकतोस. वाडीतल्या जुन्या घरांत चौकशी कर, त्यांच्याही पदकांच्या कडा वाच. पाटीचा खर्च वाढला तर निम्मा मी देईन.

आधी कडेचे फोटो पाठव. तोवर पाटीवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नकोस. चुकीचं कोरलेलं खोडता येत नाही, नवी पाटीच घ्यावी लागते.



तुझा,
मामा