फुलकिडे : पानावर जगणाऱ्या एका कीटकगणाचा परिचय

इतिहासाच्या शिक्षकाने कीटकांवर लेख का लिहावा, असा प्रश्न ही स्मरणिका हाती घेणाऱ्या अनेकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्याच एका चुकीत आहे. काही वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या परसबागेतील मिरचीची पाने आकसून वळू लागली. गावाकडे ज्याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात तो हाच, आणि तो फुलकिड्यांमुळे होतो, असे आम्ही वर्गात ठामपणे सांगितले व दुकानातून कीटकनाशक आणविले. परसबाग सांभाळणाऱ्या काकांनी ते आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारले. मिरची सुधारली नाही. काकांना मात्र दुसऱ्या फवारणीनंतर रात्रभर मळमळ आणि डोकेदुखी झाली. पुढे कृषी पदवीधर झालेला आमचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला. त्याने पान उलटून भिंग आमच्या हाती दिले. पानाच्या कडा खालच्या बाजूस वळलेल्या होत्या आणि मागे पिवळसर, काचेच्या कणांसारखे कोळी होते. फुलकिडा तेथे नव्हताच. कोळी हा आठ पायांचा जीव. तो कीटकच नव्हे, आणि कीटकांसाठी बनविलेली अनेक औषधे त्याच्यावर चालत नाहीत. काकांनी सोसले ते आमच्या अज्ञानापायी. त्यानंतर आम्ही या विषयाचा अभ्यास आरंभिला.

फुलकिडे हा कीटकांचा एक स्वतंत्र गण आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली त्यांना 'थ्रिप्स' हे प्रजातीनाम दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लाकूड पोखरणारा किडा, आणि गंमत अशी की हे कीटक लाकूड पोखरीत नाहीत. आपले मराठी नावही अर्धेच खरे आहे, कारण असंख्य जाती फुलाकडे न वळता पानावरच आयुष्य काढतात. 1836 मध्ये हॅलिडे या आयरिश अभ्यासकाने या गणाला 'थायसॅनोप्टेरा', म्हणजे झालरीच्या पंखांचे, असे नाव दिले. हे मात्र अचूक आहे. पंख म्हणजे एक अरुंद दांडी आणि तिच्या दोन्ही कडांना लांब केसांची झालर. बहुतेकांची लांबी एक ते दोन मिलिमीटर. आजवर सहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

या गणाचे दोन उपगण आहेत, आणि ते पाठ करण्यासाठी नव्हेत. मादी अंडे कोठे ठेवते यावर ते ओळखता येतात. पहिला टेरेब्रान्शिया. यातील मादीच्या पोटाखाली करवतीसारखा अंडनिक्षेपक असतो. त्याने ती पानाची त्वचा चिरते आणि अंडे आतल्या पेशींमध्ये लपविते. कांद्यावरचा, मिरचीवरचा, द्राक्षावरचा फुलकिडा या उपगणातील थ्रिपिडी कुलाचे. दुसरा ट्युब्युलिफेरा. याच्या पोटाचे टोक नळीसारखे असते, करवत नसते, म्हणून अंडी पृष्ठभागावर उघडी ठेवली जातात. यातील पुष्कळ जाती बुरशीवर जगतात, पण काही पानखाऊ आहेत. आमच्या फाटकाजवळील फायकसच्या कुंपणाची पाने मधोमध दुमडून मिटलेली दिसतात. तसे एक पान अलगद उघडा. आत काळे चकचकीत प्रौढ, पिवळी पिल्ले आणि पांढरी अंडी एकाच घरात नांदताना दिसतील. पान दुमडले जाते ते त्यांच्या खाण्यामुळे. ते घर त्यांनीच करविलेले असते.

खाण्याची रीत तर अधिकच विलक्षण. फुलकिड्याच्या तोंडात डावा जबडाच पूर्ण वाढतो. उजवा अंड्यात असतानाच लोप पावतो. त्या एका जबड्याने तो पेशीला भोक पाडतो, मग सुईसारखे दुसरे अवयव आत घालून रस शोषतो. रिकाम्या पेशीत हवा भरते आणि पानावर चंदेरी चट्टा उमटतो. जवळच विष्ठेचे बारीक काळे ठिपके असतात. इतिहासाचा विद्यार्थी जसा कागदावरील शाई आणि डाग तपासतो, तसे आम्ही आता पान तपासतो : चंदेरी चट्टा, काळे ठिपके आणि कडा वरच्या बाजूस होडीसारख्या वळलेल्या असतील तर फुलकिडा, कडा खाली वळलेल्या असतील तर कोळी. तिसरा संशयित म्हणजे पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणू. एकाच चुरडा-मुरडा नावाखाली तीन गुन्हेगार लपतात, आणि विषाणूवर तर फवारणीचा इलाजच नाही.

मिरचीवरच्या फुलकिड्याची कथा आम्हांस विशेष वाटते. त्याचे शास्त्रीय नाव सायर्टोथ्रिप्स डॉर्सालिस. कोइमतूरहून मिळालेल्या नमुन्यांवरून हूड या अमेरिकन अभ्यासकाने 1919 मध्ये त्याचे वर्णन केले. मिरची आपल्या रानातली, नाव ठेवणारा सातासमुद्रापलीकडचा. पुढे मद्रासच्या लॉयोला महाविद्यालयातील प्रा. टी. एन. अनंतकृष्णन यांनी भारतीय फुलकिड्यांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि या विषयातील जगन्मान्य नावांत आपल्या देशाचे नाव आले.

आता जीवनक्रम. अंड्यातून पिल्लू बाहेर येते, दोन अवस्थांत ते पानावर खाते. त्यानंतर ते खाणे थांबवते आणि कोशपूर्व व कोश या दोन अवस्थांत जाते. या काळात बहुसंख्य जाती जमिनीत, पाचोळ्यात किंवा पानांच्या बेचक्यात दडतात. मग पंख असलेला प्रौढ वर येतो. उष्ण दिवसांत हे चक्र दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. येथे थोडे थांबून विचार करा. अंडे पानाच्या आत, कोश बहुधा मातीत; पानावरून ओघळणारे औषध या दोघांपर्यंत पोहोचणार कसे? फवारणीनंतर चार दिवसांनी कीड पुन्हा दिसते, तेव्हा शेतकरी औषध बोगस होते म्हणतो. कधी ते खरेही असेल. पण पुष्कळदा लपलेली पिढीच वर आलेली असते. त्यातच फलनाशिवाय अंड्यांपासूनही संतती होते. बहुतेक जातींत अशा अंड्यांतून नर निपजतात. कांद्यावरच्या थ्रिप्स टॅबॅसायच्या अनेक वस्त्यांत मात्र माद्याच माद्यांना जन्म देतात, नराची गरजच पडत नाही. एक मादी उरली तरी वस्ती पुन्हा उभी राहते.

याच कांद्यावरच्या फुलकिड्यातून पिवळ्या डागांचा विषाणूही पसरतो. पिल्लू रोगट पातीवर खाताना तो घेते आणि प्रौढ होऊन दुसऱ्या रोपाला देते. प्रौढावस्थेत प्रथमच रोगट पात खाल्ली तर तो विषाणू पुढे दिला जात नाही. म्हणून पिल्ले वेळेवर हेरणे महत्त्वाचे.

हे सारे सांगण्याचे कारण 2017 सालच्या पावसाळ्यात आहे. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तुमच्यापैकी अनेकांचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात पाठीवर पंप घेतात. कोणते औषध फवारायचे हे मालक आणि दुकानदार ठरवतात. श्वासात ते जाते पंप घेणाऱ्याच्या. दोन औषधे एकत्र कालवून मारण्याची रीत तर सर्वत्र आहे. घरी गेल्यावर पांढरा कागद फांदीखाली धरा, फांदीवर टिचकी मारा आणि कागदावर पळणारे बारीक काळे-पिवळे ठिपके मोजा. कागद कोरा राहिला तर वडिलांना त्या दिवशीचा पंप उतरवायला सांगता येईल.

परसबागेत या वर्षी आम्ही कांद्याभोवती लागवडीच्या महिनाभर आधी मक्याच्या दोन ओळी पेरल्या, राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन केंद्राच्या शिफारशीस अनुसरून. उंच मका वाऱ्यावर येणारे फुलकिडे काही प्रमाणात अडवतो. पाणी तुषार सिंचनाने दिले, कारण पातीवरील पिल्ले त्याने धुऊन जातात. नववीच्या मुली दर शनिवारी दहा रोपांच्या बेचक्यांतील पिल्ले मोजतात आणि वहीत मांडतात. वही वसतिगृहाच्या कार्यालयात ठेवली आहे. ती पाहून काकांनी या हंगामात पंप एकदाच काढला, तोही हातमोजे आणि तोंडाला फडके बांधून.